शिवेवरची अकरा दारं

गुरुवार, ७ नोव्हेंबर. नळाला पाणी साडेसहाला, बारीक धार. नऊ दिवसांनी वरच्या खोलीचं कुलूप काढलं. खिडकी उघडून केर काढला. नकाशा कचेरीतून भावजींच्या नावाने पत्र आलं, मीच सही करून घेतलं. उत्तर पंधरा तारखेच्या आत हवं आहे. दुपारी चारला वर पावलं वाजली.

यातलं शेवटचं वाक्य मी लिहिल्याबरोबर खोडलं. शाळेत मदर सांगत, की रोजनिशीत डोळ्यांनी पाहिलेलंच लिहावं. ऐकलेलं आणि वाटलेलं प्रार्थनेसाठी ठेवावं. साठ वर्षं मी तो नियम पाळत आले. खोडलेलं वाक्य मात्र अजून वाचता येतं. शाई फिकी असली की असंच होतं.

भावजी म्हणजे आमचे वरचे भाडेकरू. नात्याने कोणी नव्हेत. माझे यजमान नकाशा कचेरीत हेड ड्राफ्ट्समन होते आणि भावजी त्यांच्या हाताखाली ट्रेसर. एकटा माणूस, आमची वरची खोली रिकामी. सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि बेचाळीस वर्षं राहिले. मी त्यांना भावजी म्हणत असे, ते मला वहिनी. कचेरीत त्यांचं नाव बिनचूक. साहेबसुद्धा शिपायाला सांगत, "जा, बिनचूकला बोलाव." पगाराच्या दिवशी रजिस्टरात त्यांचं खरं नाव शोधायला कारकुनाला वेळ लागे.

ट्रेसरचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोजणीवाला साखळी घेऊन उन्हात हिंडतो, अंतरं वहीत लिहितो आणि पेन्सिलीने कच्चं शीट काढतो. ट्रेसर त्या शीटवर मेणचट, पारदर्शक कापड ताणून बसवतो आणि खालची प्रत्येक रेघ काळ्या शाईने वर उतरवतो. त्या कापडावरून छपाई होते. शहर एका कागदावर मावत नाही, म्हणून त्याची चौकोनी शीटं पाडलेली असतात, फरशा बसवाव्यात तशी. एका शीटची कड संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. ट्रेसरने स्वतःच्या मनाने काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. विहीर म्हणजे बारीक गोल. पायवाट म्हणजे तुटक रेघ. पक्कं घर भरीव, कच्चं घर पोकळ. वर उत्तर.

"वहिनी, नकाशात माणूस दिसत नाही, हे एक बरं," भावजी म्हणत. "आम्ही वरून बघतो. वरून बघितलं तर साहेबाचंही नुसतं टक्कलच दिसायचं."

दर दहा वर्षांनी नवी आवृत्ती निघे. त्यांनी तिन्ही आवृत्त्या मला एकदा जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून दाखवल्या होत्या. पहिलीत शहर मुठीएवढं. दुसरीत मुठीची बोटं उघडलेली, रस्त्यारस्त्याने बाहेर निघालेली. तिसरीत बोटांच्या मधली जागाही भरलेली. बोटांच्या टोकाशी पोकळ चौकोन, म्हणजे कच्ची घरं.

"शहर वाढतं ते नेहमी पोकळ चौकोनांनी," ते म्हणाले होते. "मग त्यांच्या मागून भरीव येतात आणि पोकळ पुढे सरकतात."

ते स्वतः अशाच एका चौकोनातून आले होते. शहराच्या कडेला, ओढ्यापलीकडे वीटभट्टी होती. भट्टीवर कामाला लांबच्या एका गावातून पहिला माणूस आला, त्याने भट्टीमागे एक खोली बांधली. दुसऱ्या वर्षी त्याचा मेहुणा आला, त्याने शेजारी बांधली. मग मेहुण्याचा शेजारी. अशी अकरा दारांची एक सरळ गल्ली झाली. दारांचा क्रम हा माणसं आल्याचा क्रम होता. कोण कोणाच्या मागून आलं हे कोणाला विचारावं लागत नसे. सहावं दार भावजींच्या थोरल्या बहिणीचं. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. भावजी त्या सहाव्या दाराच्या ओट्यावर झोपून, भट्टीत दिवसा विटा मोजून चित्रकलेची परीक्षा पास झाले. अक्काने त्यांच्यासाठी शाई, निब, सगळं केलं. दार एवढं ठेंगणं, की आत जाताना तिचं एक वाक्य ठरलेलं असे, "मान घाल. शिकलास म्हणून चौकट वर होत नाही."

आता ती चूक.

एकेचाळीस वर्षांपूर्वी तिसऱ्या आवृत्तीचं काम चालू होतं. ओढ्यापलीकडचं एक शीट भावजींकडे आणि त्याच्या खालचं दुसऱ्या ट्रेसरकडे. दोन्ही शीटांची शीव त्या गल्लीवरून आडवी जात होती. बरोबर मधून. पाच दारं वर, पाच दारं खाली आणि रेघ अक्काच्या चुलीवरून. कचेरीचा नियम असा होता, की लहान वस्ती शिवेवर आली तर ती तोडायची नाही; तिचा जास्त भाग ज्या शीटात, त्या ट्रेसरने ती पूर्ण काढायची. इथे जास्त कमी काही नव्हतंच. भावजींनी भिंग लावून मोजलं, निम्मी निम्मी भरली. तेव्हा त्यांनी विचार केला, की आपल्या बहिणीचं घर आपण काढलं तर उद्या कोणी म्हणेल, बिनचूकने घरच्यांचं भलं केलं. दुसऱ्याने काढावं. आणि त्या दुसऱ्याने विचार केला, की बिनचूकची माणसं आहेत, तो काढल्याशिवाय राहील का?

दोघांनीही आपापली कड कोरी सोडली.

छापून आलेली दोन शीटं यजमान एका रविवारी घरी घेऊन आले. आमचं जेवणाचं टेबल दोन फळ्यांचं आहे, मधे करंगळी जाईल एवढी फट. त्या फटीवर कड जुळवून शीटं मांडली. भावजी वरून चहाला आले होते. त्यांनी कपबशी हातात घेतली ती तशीच राहिली. त्यांचं बोट ओढ्यावरून आलं, भट्टीवर आलं आणि पुढे कोऱ्या कागदावरून सरकत फटीत गेलं.

"साहेब, गल्ली नाही."

यजमानांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग शीटांच्या उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. "पाचशे प्रती छापून झाल्यात. सही माझी आहे. आता दुरुस्तीचं पत्र काढायचं म्हणजे मी न बघता सही केली असं लिहून द्यायचं. आणि तू न मोजता सोडलंस असं तू."

"मी मोजूनच सोडलं."

"ते आणखी वाईट." ते शीटांची गुंडाळी करू लागले. "पुढच्या आवृत्तीत घेऊ. दहा वर्षांत काय गल्ली उठून चालली आहे?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. संध्याकाळी रोजनिशीत सगळं लिहिलं, कोण काय म्हणालं ते. लिहिलं की माझं काम झालं, असं मला तेव्हा वाटत असे.

दुसऱ्या दिवशी भावजी खाली आले. "वहिनी, माझ्याबरोबर चला. तुम्ही लिहिता ते तारखेसकट लिहिता. एकदा गल्ली लिहून ठेवा." मी गेले. गल्लीच्या तोंडापासून पहिलं दार नऊ पावलं. पुढे प्रत्येक दोन दारांत नऊच. मी चालले, मोजलं, दारांचे रंग लिहिले, कोणत्या घरात किती माणसं ते लिहिलं. सहावं दार हिरवं, माणसं चार, एक शेळी. अक्का हसत होती. "खानेसुमारी सुरू झाली वाटतं. शेळीला कोणत्या रकान्यात घालणार, बाई?" ते त्या रात्री मी आदल्या दिवसाच्या पानाच्या मागच्या बाजूला लिहिलं, कारण नवं पान सुरू करायला त्या वर्षीच्या वहीत जागा पुरत नव्हती. असं एकाच पानाला दोन बाजू झाल्या. पुढे ह्याच गोष्टीने मला धरून ठेवलं.

चार महिन्यांत ओढ्यापलीकडून नव्या रुंद रस्त्याची आखणी झाली. आखणी करणाऱ्यांनी तिसरी आवृत्ती पुढ्यात घेतली आणि जिथे कागद कोरा होता तिथून पट्टी ठेवून रेघ मारली. त्यांचं काय चुकलं? नकाशावर ज्यांची घरं होती त्यांना पलीकडे खोल्या मिळाल्या. गल्लीतली माणसं विचारायला गेली तर खिडकीतला कारकून म्हणाला, नकाशावर दाखवा.

अक्का आमच्याकडे आली ती दुपारची. भावजी जेवायला घरी आलेले. तिने टेबलावर हात ठेवला. "तू तिथंच कामाला आहेस. एवढं दाखव, की हे माझं घर. बाकी मला काही नको."

भावजींनी शीट आणलं. आणायला नको होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण नकाशा तिने चटकन ओळखला. "हा ओढा. ही भट्टी. हे चिंचेचं झाड असेल. मग आम्ही कुठं?"

"तुम्ही कडेला आहात, अक्का."

"कडेला तर आहोतच रे. जन्मभर कडेलाच. पण कागदावर कुठं?"

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या भरायला आत गेले. तांब्या भरलेलाच होता.

मागून त्यांचा आवाज आला, "पुढच्या आवृत्तीत येईल."

"केव्हा निघते ती?"

त्यांनी आकडा सांगितला. ती हसली. "तोवर मी दाराला टेकून उभी राहते म्हणजे."

गल्ली पाडली तेव्हा माणसांनी आपापली दारं काढून नेली. दार महाग असतं, भिंत काय, कुठेही उभी राहते. अक्काचं हिरवं दार ट्रकमध्ये उभं बांधलेलं मी पाहिलं, शेळी त्याला दोरीने बांधलेली. भावजी ट्रकजवळ गेले. तिने त्यांना शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "जेवत जा वेळेवर. आणि कचेरीला सांग, माणूस पाठवून नीट बघा म्हणावं. आंधळा माणूस पाठवलेला दिसतो." तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं, की मोजणीवाला तिथवर आलाच नाही. कचेरीतही पुढे तेच ठरलं. मोजणीवाल्याच्या नावापुढे "प्रत्यक्ष पाहणी केली नाही" असा शेरा पडला आणि त्याची बदली झाली. त्याच्या कच्च्या शीटात अकराच्या अकरा दारं होती. ते शीट कुठे गेलं ते मी यजमानांना कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं. अक्का गेली. खाली एका भट्टीचं नाव आणि गावाचं. भावजींनी कचेरीतली सगळी शीटं काढून पाहिली. ते ठिकाण कोणत्याच शीटवर नव्हतं. शहर तिथवर पोचलं नव्हतं अजून.

चौथी आवृत्ती आली. नियम आडवा आला. मोजणीवाला जे पाहील तेच शीटवर येणार, आणि त्याने पाहिला तो रस्ता.

यानंतरचा भावजींचा जन्म म्हणजे कचेरी, खानावळ, जिना. पुढे खानावळ बंद पडली तेव्हा आमच्याकडे जेवू लागले. लग्न केलं नाही. माझ्या मुलांना भूगोल शिकवला. थोरल्याला अजून प्रमाण म्हणजे काय विचारलं तर तो झोपेत सांगेल, की कागदावरच्या एका बोटात जमिनीची किती पावलं ते. संध्याकाळी त्या रुंद रस्त्याने फिरायला जायचे. मी एकदा बाजारातून येताना लांबून पाहिलं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, समोर रुंद फरसबंदी, डोक्यावर नुसतं आभाळ. भावजी मोजून पावलं टाकत आले, थांबले, पुन्हा चालले, पुन्हा थांबले. दुकानासमोर आल्यावर त्यांनी मान घातली, खांदे आत घेतले आणि ठेंगण्या चौकटीतून आत शिरावं तसे एक पाऊल पुढे गेले. मग तिथेच उभे राहिले. दुकानातली पोरं एकमेकांना कोपर मारत होती. "आले बघ आजोबा, वाकून नमस्कार करायला. आपला ब्रँडच तसा आहे."

पाऊस असला किंवा गुडघे धरले की ते वर खोलीतच चालत. खोली बरोबर नऊ पावलांची आहे. नऊ पावलं, थांबणं. नऊ पावलं, थांबणं. असं सहा वेळा. मग बराच वेळ काही नाही. मग तसंच सहा वेळा परत. खाली मी भाजी निवडत असे आणि माझ्याही नकळत मोजत असे. यजमान होते तोवर रेडिओ मोठा करीत. त्यांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. जाण्याआधीच्या महिन्यात मात्र म्हणाले, "त्या टेबलाची फट बुजवून घे. त्यात काहीबाही पडतं." मी बुजवली नाही. वरून मेणकापड घातलं. पण मेणकापडावरही ती रेघ उमटतेच, हाताला लागते.

यजमान गेल्यावर भावजींनी कचेरीला अर्ज लिहायला सुरुवात केली. सहा अर्ज. पाचांना उत्तर नाही. या वर्षी सप्टेंबरात ते चहाला खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेला बसणाऱ्यासारखा होता.

"वहिनी, जुनी शीटं कॉम्प्युटरवर चढवतायत. जुन्या, उठलेल्या वस्त्या ठिपक्यांच्या रेघेने दाखवणार आहेत. पण त्या काळचं लिहिलेलं काहीतरी हवं म्हणतात. तारखेसकट. तुमचं ते पान द्याल का?"

मला पान लगेच आठवलं. त्याच्या एका बाजूला अकरा दारं. दुसऱ्या बाजूला यजमानांचं बोट, त्यांची सही, "पुढच्या आवृत्तीत घेऊ." निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना दिलेली घड्याळाची भेट भिंतीवर होती. मुलं दोन्ही चांगल्या हुद्द्यांवर.

मी म्हणाले, "वह्या माळ्यावर आहेत. पुढच्या आठवड्यात काढून देते."

ऑक्टोबरात दोनदा विचारलं. मी दोन्हीदा तेच म्हणाले, पुढच्या आठवड्यात. भावजी हसले, फार हळू. "बरं. आपल्या घरात हे वाक्य जुनंच आहे."

एकोणतीस तारखेला सकाळी ते चहाला उतरले नाहीत. खुर्चीत बसलेले होते, तोंड दाराकडे.

त्यानंतर तिसऱ्या दिवसापासून दुपारी चारला वर पावलं. मी लिहीत नव्हते. नऊ, थांबणं. नऊ, थांबणं. घर जुनं आहे, लाकूड वाजतं, हे मला कळतं. लाकूड मोजून वाजत नाही, हेही.

सात तारखेला आलेलं पत्र सहाव्या अर्जाचं उत्तर होतं. पुरावा असल्यास दाखवावा, अधिकारी घरी येऊन पाहतील. मी कचेरीत फोन केला. अर्जदार वारले, पण पुरावा आहे, असं सांगितलं. आवाज माझाच होता.

अधिकारी म्हणून कचेरीतून एक मुलगी मंगळवारी साडेतीनला आली. तिशीची असेल, पाठीला बॅग, पायात धुळीचे बूट. मोजणीवाल्यांच्या बुटांवर असते तीच धूळ. मी शेजाऱ्याकडून माळ्यावरची वही आधीच काढून घेतली होती. टेबलावरचं मेणकापड काढलं आणि वही उघडून ठेवली.

दारांची बाजू वाचून ती हरखली. "आजी, नऊ-नऊ पावलं? रंगसुद्धा? आमचे लोक आज यंत्र घेऊन जातात तरी इतकं लिहीत नाहीत." तिने बॅगेतून तिसऱ्या आवृत्तीची प्रत काढली, बोटाने ओढा पकडला, भट्टी पकडली. "बसतंय. सगळं बसतंय. शेळीचं काय करू?"

"अक्कानेही हेच विचारलं होतं," मी म्हणाले.

तिने फोटो घेतला. मग पान उलटलं. वाचता वाचता तिचा वेग कमी झाला. "हे हेड म्हणजे..."

"माझे यजमान."

मग तिने पान हलकेच पुन्हा दारांच्या बाजूला उलटलं. "आजी, वस्ती होती एवढंच मला सिद्ध करायचं आहे. त्याला ही बाजू पुरे. पलीकडचं कोणी मागत नाही. मी पाहिलंच नाही समजा."

एवढं चांगलं माझ्याशी कोणी वागेल, हे मी धरून चालले नव्हते. बाहेर पडायला दार उघडून दिलं होतं तिने. मी "बरं" म्हणण्यासाठी तोंड उघडलं.

वर पावलं सुरू झाली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. नऊ. थांबणं.

मुलीने मान वर केली. "वर कोण राहतं, आजी?"

"आता कोणी नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा छताकडे. दुसरं दार झालं. तिसरं. आम्ही दोघी फटीच्या दोन बाजूंना बसून ऐकत होतो. चौथं. पाचवं.

"पलीकडच्या बाजूचाही फोटो घ्या," मी म्हणाले. "एकच बाजू गेली तर वाचणारा म्हणेल, मोजणीवाला तिथे पोचलाच नव्हता. तो पोचला होता. त्याच्या नावापुढे शेरा आहे, तोही बघा पुसता येतो का. चूक कापडावर झाली आणि लपवली या टेबलावर. आम्ही तिघांनी. मी त्या दारात उभी होते, तेही लिहिलेलं आहे, सगळ्यात खालची ओळ."

"तुमच्या मुलांना..."

"त्यांना मी सांगेन. या आठवड्यात."

तिने पान उलटलं, हाताने सपाट केलं आणि फोटो घेतला. वर सहाव्यांदा नऊ पावलं झाली आणि थांबली. मी परतीची वाट पाहत राहिले. मुलीने बॅग भरली, बूट घातले, पुढच्या महिन्यात शीट दाखवायला येते म्हणाली, जिन्याकडे एकदा पाहून गेली. पाच वाजले, साडेपाच. पावलं परत फिरली नाहीत.

संध्याकाळी दिवा लावून वही उघडली आणि लिहिलं: मंगळवार, १२ नोव्हेंबर. नकाशा कचेरीच्या बाई आल्या, पानाच्या दोन्ही बाजू नेल्या. दुपारी चारला वर पावलं, सहा दारं, त्यांनीही ऐकली. वरच्या खोलीची चादर धुवायला काढली. दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर सांगितलं.